पात्र आहे, स्थळ आहे, निवेदक आहे, तरी "कथा झाली नाही" म्हणतात. मग नक्की काय राहतं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे पण विचारूनच टाकतो. मी दोनेक वर्षं फावल्या वेळात काहीबाही लिहितो, छापून वगैरे काही आलेलं नाही, सगळं वहीतच. मागे एक गोष्ट मैत्रिणीला वाचायला दिली तर म्हणाली भाषा छान आहे रे, पण ही कथा झालीच नाही. म्हणजे काय विचारलं तर तिलाही धड सांगता येईना, "अरे काहीतरी घडायला पाहिजे ना" एवढंच.

गोष्ट अशी आहे की वडील गेल्यावर मुलगा त्यांचं कपाट आवरायला घेतो, त्यात कपड्यांच्या घडीखाली एक किल्ली सापडते, ती घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही, मग तो तिथेच बसून वडिलांच्या आठवणींत हरवतो आणि शेवटी किल्ली होती तिथे ठेवून कपाट बंद करतो. संपली.

आता मी कथेचे घटक म्हणून शोधायला गेलो तर सगळीकडे तीच यादी, कथानक, पात्रं, स्थळ-काळ, संघर्ष, निवेदन, थीम. माझ्या गोष्टीवर लावून बघितली तर जवळपास सगळ्यावर टिकमार्क! पात्र आहे, जागा आहे, निवेदक आहे, थीमसुद्धा आहे (विरह, किंवा काहीतरी तसंच). मग अडलंय कुठे? आणि कथा, कथानक, कथावस्तू, कथाबीज हे चार शब्द वेगळे आहेत की उगाच चार केलेत?

रातकिडा

उगाच नाही केलेले, पण लोक वापरताना सरमिसळ करतात हे खरं.

कथाबीज म्हणजे डोक्यात पहिल्यांदा चमकलेली गोष्ट. तुमचं कथाबीज झकास आहे, कुलूप नसलेली किल्ली. कथावस्तू हा शब्द कोणी कथानकाच्या अर्थाने वापरतं कोणी विषयाच्या, त्यात डोकं घालू नका. खरी मेख आहे ती गोष्ट आणि कथानक यातल्या फरकात. फॉर्स्टर नावाच्या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली व्याख्यानं दिली होती त्यातलं उदाहरण आजही सगळे देतात, कारण त्याहून सोपं सापडत नाही. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. घटना त्याच दोन, पण दुसऱ्यात एकीने दुसरीला ढकललंय. पहिल्यात आपण विचारतो "मग?", दुसऱ्यात विचारतो "का?"

हे लांबचं वाटत असेल तर आपली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. लहानपणी ते नुसतं यमक वाटायचं, पण बघा, पाऊस येण्याआधीच घर कशाचं ते सांगून ठेवलंय. म्हणून पाऊस आला "आणि" घर वाहून गेलं असं होत नाही, शेणाचं होतं "म्हणून" वाहून गेलं असं होतं. स्थळ आणि वातावरण हे घटक यादीत मेल्यासारखे पडलेले असतात ना, इथे ते कामाला लागलेत. पाऊस काढा, गोष्टच उरत नाही. पुढे काऊ दार वाजवतो आणि चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे, दर वेळी नवीन कारण. प्रत्येक "थांब" बरोबर बाहेरचा काऊ आणखी भिजतोय. तीन-चार वाक्यांत ताण कसा वाढवायचा त्याचा इतका स्वस्त धडा दुसरा मिळणार नाही.

आता तुमच्याकडे बघा. किल्ली सापडते "मग" आठवणी येतात "मग" ठेवून देतो. एकही "म्हणून" नाही. आठवणी किल्लीशिवायसुद्धा आल्या असत्या, जुना शर्ट सापडला असता तरी आल्या असत्या. तुमच्या मैत्रिणीला हेच खटकलं असणार.

पाल्हाळ_नको

एकच विचारतो. त्या मुलाला काय हवंय? पहिल्या पानावर. किल्ली सापडायच्या आधी.

कोरा_कागद

@पाल्हाळ_नको कपाट आवरायचंय... (हे लिहितानाच कळलं की हे हवं असणं नाही, हे काम आहे.)

शुद्धलेखन_माफ

मला लहानपणापासून त्या काऊचंच वाईट वाटत आलंय, भिजत उभा बिचारा आणि ही आत बाळाला नटवतीये. आणि रातकिडा यांनी सुरुवात केलीच आहे तर यातूनच पुढचा घटक काढते, दृष्टिकोन, पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणतात तो. ती गोष्ट दाराच्या आतून सांगितली तर चिऊ दक्ष आई आहे, बाहेरून सांगितली तर निर्दय शेजारीण आहे. घटना एकसुद्धा बदलली नाही, फक्त कॅमेरा दाराच्या कुठल्या बाजूला ठेवला तेवढंच बदललं. म्हणून मला वाटतं की नवीन लिहिणाऱ्याने कथानकाच्या आधी हे ठरवावं की कोण बघतंय आणि त्याला किती माहितीये.

तुम्ही "तो" वापरलाय की "मी" ते सांगितलं नाहीत. "मी" म्हणून लिहिलं तर वाचक फक्त मुलाला जेवढं माहीत तेवढंच जाणू शकतो, आणि गंमत म्हणजे मुलगा स्वतःशीच खोटं बोलत असेल तर वाचकाला ते फटींतून दिसायला लागतं. अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये हा शब्द रूढ केला. "तो" वापरून फक्त त्याच्याच डोक्यात राहता येतं, किंवा सर्वज्ञ निवेदक घेऊन सगळ्यांच्या मनात फिरता येतं. तिन्ही चालतात. चालत नाही ते एवढंच की एका परिच्छेदात मुलाच्या मनात आणि पुढच्याच वाक्यात विनाकारण शेजाऱ्याच्या मनात, वाचकाला गरगरतं. मी स्वतः हे इतक्या वेळा केलंय की आता लिहून झालं की पेन्सिलने प्रत्येक परिच्छेदाच्या समासात "कोण बघतंय" एवढंच लिहीत जाते.

आणि एक, निवेदक म्हणजे लेखक नाही. "मी" लिहिलं की घरचे लोक लगेच विचारतात हे खरंच झालं का, त्यांना सोडा, पण आपण स्वतः तरी तो घोळ करू नये.

उलटतपासणी

सगळं मान्य, पण पुढचा कोणीतरी येऊन आता "संघर्षाशिवाय कथा नाही" म्हणेल, त्याआधी थोडं उलटं बोलून घेतो.

तो चढ, शिखर, उतार असा त्रिकोण दाखवतात ना सगळीकडे, तो फ्रायटाग या जर्मन लेखकाचा, १८६३ चा, आणि तो त्याने नाटकांवरून काढला होता, पाच अंकी शोकांतिका वगैरे. चार पानांच्या लघुकथेवर तो जसाच्या तसा बसवायचा म्हणजे बाळाला बापाचा कोट. शिवाय पूर्व आशियात एक वेगळीच बांधणी आहे, जपानीत तिला किशोतेनकेत्सू म्हणतात, मूळ चिनी कवितेतून आलेली. चार भाग, ओळख, मग तेच थोडं पुढे, मग तिसऱ्यात एकदम अनपेक्षित वळण, आणि चौथ्यात त्या वळणाची आधीच्याशी सांगड. यात दोन पक्ष भांडलेच पाहिजेत असं काही नाही. माझ्या मते किल्लीची गोष्ट या जातीची आहे, तिच्यात खलनायक कोंबू नका. कमी आहे ते तिसरं, वळण.

रातकिडा

@उलटतपासणी वळणाचं पटलं, पण संघर्ष म्हणजे मारामारी असं कोण म्हणालं? माणसाचं स्वतःशी सुद्धा असतंच की. वडिलांबद्दल कळून घ्यावंसं वाटतंय आणि कळायची भीतीपण वाटतीये, हा संघर्षच आहे, आणि मग किल्ली परत ठेवून देणं हा निर्णय होतो. आत्ता ते नुसतं आवरणं आहे.

उलटतपासणी

हे तुम्ही संघर्षाची व्याख्या इतकी ताणलीत की आता त्यात काहीही बसेल. पण ठीक आहे, भांडत नाही.

पाल्हाळ_नको

पात्राबद्दल कोणीच काही बोललं नाही. त्याच फॉर्स्टरने सपाट आणि गोल पात्रं असा भेद केलाय. गोल पात्र ओळखायची खूण म्हणजे ते आपल्याला चकित करतं आणि तरीही पटतं. चकित करतच नसेल तर सपाट. चकित करतं पण पटत नाही, तर गोल असल्याचं सोंग. सपाट वाईट नसतं, दारात येऊन निरोप देऊन जाणारा माणूस सपाटच बरा, नाहीतर त्याची जन्मकहाणी वाचत बसावी लागते. पण गोष्टीत एकच माणूस असेल तर तो सपाट परवडत नाही. तुमचे वडीलसुद्धा पात्रच आहेत, नसलेलं पात्र. किल्ली त्यांच्याबद्दल एक तरी अशी गोष्ट सांगते का जी मुलाला माहीत नव्हती?

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, दोन दिवस गायब होतो कारण परत लिहायला बसलो होतो. "तो" चं "मी" केलं. आणि एक बहीण आणली, उद्या सकाळी ती येणार आहे आणि घर रिकामं करून द्यायचंय, म्हणजे आज रात्रीच काय ठेवायचं काय टाकायचं ते ठरवायला लागणार. हे केल्याबरोबर अर्ध्या आठवणी आपोआप गळाल्या, त्यांना वेळच उरला नाही! मुलाला हवंय काय तर बहीण यायच्या आत वडिलांची एक तरी वस्तू फक्त स्वतःची म्हणून बाजूला काढायची. आणि वळण म्हणाल तर बहिणीचा फोन येतो आणि ती सहज विचारते, "कपड्यांखाली किल्ली आहे का रे अजून?" म्हणजे तिला माहिती होतं, याला नाही.

थीमचं मात्र अडलं. आधी विरह म्हणत होतो, आता ते नाही वाटत.

शुद्धलेखन_माफ

अहो तो फोन वाचून काटा आला! थीम आत्ता ठरवूच नका. विरह हा विषय झाला, एका शब्दाचा, त्यावर हजार गोष्टी आहेत. थीम किंवा आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल तुमची गोष्ट काय म्हणते ते, आणि ते बहुतेक वेळा लिहून झाल्यावर लेखकाला दुसऱ्याकडून कळतं. आधी ठरवून लिहिलं की पात्रं भाषण द्यायला लागतात. तरी मला विचाराल तर आता ही गोष्ट विरहाची नाहीच, एकाच बापाची दोन मुलं आणि दोघांना मिळालेला बाप वेगवेगळा, अशी काहीतरी झालीये.

उलटतपासणी

हे बघा, वळण मिळालं. आता "मी" जपून, त्या फोनच्या वेळी त्याला वाईट वाटलं असं त्याच्याच तोंडून वदवू नका. त्याला किल्लीचा आकार वगैरे काहीतरी भलतंच दिसू दे.

पाल्हाळ_नको

किल्ली कशाची आहे ते बहीण सांगते का?

कोरा_कागद

ती सांगायला लागते आणि हा फोन ठेवतो. खरं सांगू का, कशाची आहे ते अजून मलाच माहीत नाही.

पाल्हाळ_नको

वाचकाला सांगू नका, चालेल. पण तुम्हाला माहीत पाहिजे. नाहीतर बहिणीचं ते एक वाक्यसुद्धा नीट लिहिता येणार नाही, ती हसत विचारते की दबक्या आवाजात, ते त्या कुलपावर ठरतं.