‘कोड-स्विचिंग’ला मराठीत काय म्हणावं?

सेलू (वर्धा): वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी मुलं हिंदी शिकतात. बाजारात भाव विचारतात हिंदीत, अडले की इंग्रजी, आपसात मायबोली. बोलता बोलता असं एका भाषेतून दुसरीत जाणं म्हणजे ‘कोड-स्विचिंग’. अशाच विद्यार्थ्यांवरचा लेख मराठीत आणतो आहे. ‘कोड-स्विचिंग’ला ‘संकेतबदल’ लिहिलं, तर मित्र म्हणे, पासवर्ड बदलल्यासारखं वाटते. दुसरा शब्द सुचवा.

अकोला: ‘भाषापालट’. खांदेपालट आपल्याकडे आहेच.

यवतमाळ: ताई, पालट म्हणजे एक सोडून दुसरं धरणं. हे पोट्टे सोडतात कुठं? ‘सरमिसळ’ म्हणा.

सेलू: सरमिसळ म्हटलं की दोष वाटतो, दादा. शब्द सापडला नाही म्हणूनच भाषा बदलते असं नाही. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्तीतलं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅकनं तपासलं (१९८०). वाक्याच्या मधोमध भाषा बदलणारे बहुतेक दोन्ही भाषांत पक्के निघाले.

अमरावती: मग आमचं ‘मी येऊन राहिलो’ कशात बसवता? शब्द मराठी, घडण हिंदी. वर्गात असं बोललं की पट्टी बसायची.

नागपूर: बसायलाच हवी होती. ‘येतो आहे’ असताना उसनवारी कशाला? सावरकरांचा ‘महापौर’ रुळलाच ना? आग्रह धरला की जमतं.

अमरावती: मग खुर्ची, शाई, वकीलही काढा, भाऊ. फारसी-अरबीतले ते चालतात अन् शेजारची हिंदी बाटवते? लीळाचरित्र ज्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, त्याच जिल्ह्यातले आम्ही. आमचं बोलणं अशुद्ध ठरवणारे तुम्ही कोण?

सेलू: ‘येऊन राहिलो’ म्हणजे भाषा बदलणं नव्हे, व्याकरणं जवळ येणं. सांगलीजवळच्या कुपवाडला गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी हेच दाखवलं (१९७१): कन्नड, मराठी, उर्दू, शब्द वेगळे, वाक्यांची घडण जवळजवळ एक. माझा शब्द मात्र राहिलाच.

यवतमाळ: ‘राहिलो’ कचेरीतून आलं असंल. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, हिंदी-मराठी दोन्ही चालायच्या.

अकोला: माझी आजी कचेरीची पायरी चढली नाही, तरी ‘काहून रडून राहिला बाप्पा’ हेच म्हणे. अन् ‘काहून’ तर ‘का म्हणून’चंच रूप, अस्सल मराठी.

यवतमाळ: आजी अडत्याशी कोणत्या भाषेत बोलायची, ते सांगा ना.