पिरानेझीचे सेंट पीटर्स: ठसा कुठल्या काळातला, कसा ओळखायचा?

प्रश्न: १८व्या शतकातला इटालियन चित्रकार पिरानेझी याच्या ‘वेदुते दि रोमा’ (रोमची दृश्ये) मालिकेतले, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या आतल्या भागाचे एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा खोदून घेतलेला ठसा) विकायला आले आहे. चित्राभोवती प्लेटच्या दाबाची कड दिसते, म्हणून विक्रेता ते १८व्या शतकातले म्हणतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर १: नाही. ती कड कोऱ्या पत्र्यानेही उठवता येते; ऑफसेट (फोटोवरून यंत्राने छापलेल्या) प्रतींवर ती मुद्दाम उठवतात. आधी फ्रेम उघडायला लावा. दहापट भिंग गडद सावलीवर धरा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली की ती यंत्रछपाई, विषय संपला. एचिंगची रेघ सलग असते आणि शाई कागदावर उठून बसलेली असते. टॉर्च जवळजवळ आडवा धरला की तो उंचवटा दिसतो. फसवते ते फोटोग्रॅव्हर (फोटोवरून खोदलेल्या प्लेटचा ठसा): तिथे कड खरी आणि जाळीही नसते. रेघेच्या आत बारीक रवा दिसतो का ते पाहा.

उत्तर २: त्याने फक्त छपाईची पद्धत कळेल. काळासाठी चित्राखालची ओळ वाचा. १७६१ मध्ये पिरानेझी रोममधल्या पलात्सो तोमाती या वाड्यात राहायला गेला; बऱ्याच प्लेटांवर तिथला पत्ता आणि ‘अडीच पाओली’ (पाओलो हे तेव्हाचे नाणे) ही किंमत कोरलेली आहे. पुढे किंमत खोडली गेली. तो १७७८ मध्ये वारला, १७९९ मध्ये मुलाने प्लेटा पॅरिसला नेल्या. तिथल्या ठशांवर वर उजवीकडे आकडा सापडतो. नंतर प्लेटा रोमला पोपच्या छापखान्यात परतल्या आणि छपाई चालूच राहिली. म्हणून ‘मूळ प्लेटवरचा’ हे खरे असूनही ठसा पिरानेझीच्या मृत्यूनंतरचा असू शकतो. कागद उजेडासमोर धरा: कागद बनवायच्या साच्यातल्या तारांनी उठलेल्या, साधारण अडीच-तीन सेंमी अंतराच्या रेषा हव्यात. एकही रेषा नसेल तर १९वे शतक धरून भाव करा.

उत्तर ३: झीजही बघाच. पिरानेझी फिक्या रेघा वॉर्निशने झाकून प्लेट पुन्हा पुन्हा आम्लात घालत असे. त्यामुळे जवळच्या खांबांच्या सावल्या खोल खाल्ल्या गेल्या आणि त्या शेवटपर्यंत काळ्याच छापतात. लांबवर, वेदीवरच्या बर्निनीने घडवलेल्या छत्राभोवतीच्या रेघा उथळ, त्या आधी झिजतात. पुढे काळेभोर आणि मागे तुटक, असा ठसा उशिराचा. कधी छापणारा प्लेटवरची शाई पुरती न पुसता ही झीज झाकतो. मग उजळ भागांवरही करडा पडदा पसरतो आणि कमानीतला प्रकाश मरतो. माझ्या मते पत्त्यापेक्षा याने किंमत जास्त उतरायला हवी, कारण या चित्रात पाहण्यासारखा तो प्रकाशच आहे.