रायझन ५६००एक्स: सिनेबेंच पास, पण मशीन रिकामं बसलं की रीस्टार्ट

शटर_अकोला

नमस्कार मंडळी. अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मशीन असं आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर४ ३६०० मेमरी (एक्सएमपी चालू, म्हणजे मेमरी तिच्या डब्यावरच्या वेगाने), आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्राँझ पॉवर सप्लाय. प्रोसेसरवर डब्यातून आलेलाच पंखा आहे.

प्रीमियरमध्ये टाइमलाइन अडखळत होती, म्हणून एक व्हिडिओ बघून बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेग घेऊ देणारी सोय) चालू केलं, बूस्ट म्हणजे कमाल वेग २०० मेगाहर्ट्झने वाढवला आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) सगळ्या कोरना उणे ३० दिलं. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चाललं, स्कोअरही वाढला. रेंडर लावलं तर तेही पूर्ण होतं. पण रेंडर संपून मशीन नुसतं बसलेलं असताना किंवा मी ब्राउझरमध्ये काहीतरी बघत असताना अचानक स्क्रीन काळी पडते आणि रीस्टार्ट. निळी स्क्रीनसुद्धा येत नाही. परवा एका एक्स्पोर्टमध्ये हळदीच्या सीनला एका फ्रेमवर हिरवे चौकोन उमटले. पुन्हा एक्स्पोर्ट केलं तर तीच जागा साफ.

दुकानदार म्हणतो पॉवर सप्लाय बदला. मित्र म्हणतो हे सगळं काढ आणि सरळ ४.७ गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट फिक्स कर. एप्रिल-मेच्या तारखा फुल्ल आहेत, मशीन बंद ठेवणं परवडणार नाही. खोलीत एसी नाही, वाळ्याचा कूलर आहे. काय करू?

कोथरूडकर

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. रीस्टार्टनंतरच्या मिनिटाभरात व्हीया-लॉगर (हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नावाची १८ नंबरची नोंद आहे का बघा. कर्नल-पॉवर ४१ तर असणारच, तिच्यावरून काही कळत नाही. मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच ती सांगते. लाइटने झटका मारल्यामुळे मशीन गेलं असेल तर नुसती ४१ सापडेल. १८ सापडली तर तक्रार प्रोसेसरकडून आलेली आहे.

शटर_अकोला

सापडल्या, बऱ्याच आहेत. 'कॅशे हायरार्की एरर' लिहिलंय. प्रोसेसर एपीआयसी आयडी बहुतेक ठिकाणी ४, कुठे ५, एका ठिकाणी ८. याचा अर्थ काय?

रेंडरवाला_नागपूर

भाऊ, पॉवर सप्लायचे पैसे खिशातच ठेवा. दुखणं सापडलंय. मी विदर्भातल्या स्टुडिओंना मशीन बांधून देतो आणि उन्हाळ्यात दुरुस्तही करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला दोन थ्रेड (एकाच वेळी कामाच्या दोन वाटा) असतात आणि आयडी शून्यापासून दर थ्रेडला एक. म्हणून आयडी ४ आणि ५ हा कोर २, आणि ८ हा कोर ४. बायोस कोर शून्यापासून मोजतं, रायझन मास्टर (एएमडीचं अॅप) एकपासून. तेव्हा तुमचा कोर २ रायझन मास्टरमध्ये तिसरा दिसेल. उघडून बघा, त्या तिसऱ्यावर चांदणी असेल असा माझा अंदाज आहे. चांदणी म्हणजे कंपनीने चांगला म्हणून निवडलेला कोर. तो कमी व्होल्टेजमध्ये जोरात पळतो हे ओळखूनच त्याचं गणित कारखान्यात बांधलेलं असतं आणि विंडोज सुट्या, छोट्या कामांना आधी त्यालाच बोलावतं. त्याच्या व्होल्टेजमधून आणखी कापायला फारसं उरलेलं नसतं. म्हणून सगळ्यांना सरसकट उणे ३० दिलं की बहुतेक वेळा पहिला तोच पडतो.

कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० केलं म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट काढून घेतले. सिनेबेंचमध्ये सहाही कोर जुंपलेले असतात, तिथे पॉवर आणि तापमान आडवं येतं, वेग साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास अडकतो आणि तेवढ्या वेगाला ही कपात खपून जाते. रेंडर संपलं आणि तुम्ही एखादा टॅब उघडला, की एकटा कोर क्षणभरासाठी ४.८५ कडे झेप घेतो. तिथे व्होल्टेज कमी पडतं आणि मशीन जातं. तुमच्या लक्षणांत विचित्र काहीच नाही, दहा मिनिटांच्या सिनेबेंचमध्ये ही जागा तपासलीच जात नाही.

तर असं करा. वाढवलेले २०० मेगाहर्ट्झ आधी काढा, शून्य. रोजच्या कामात त्यांचा उपयोग नगण्य आहे आणि सगळा त्रास त्यांच्या टोकाला होतो. चांदणीवाल्या दोन कोरना उणे ५ द्या, बाकीच्या चौघांना उणे १५. मग कोअरसायकलर नावाची फुकट स्क्रिप्ट उतरवा. ती प्राइम९५ ही ताणाची चाचणी एका वेळी एकाच कोरवर चालवते. मोड एसएसईच (हलकी गणितं) ठेवा, एव्हीएक्स (जड गणितं) नको. हलक्या कामात कोर जास्त वर जातो आणि आपल्याला तोच वरचा वेग तपासायचाय. प्रत्येक कोरला एक तास, म्हणजे सहा तास, रात्री लावून झोपा. सकाळी लॉगमध्ये ज्या कोरवर एरर असेल त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा आणि पुन्हा लावा. सगळे पास झाले की मगही प्रत्येक आकड्यातून दोन-तीन परत द्या. काठावर पास झालेला कोर उन्हाळ्यात मागे हटतो हे मी दरवर्षी बघतो.

४.७ वर १.३५ फिक्स करायचं मात्र डोक्यातून काढून टाका. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खाल्ली जाते. सगळे कोर राबत असताना समजा आज १.२० व्होल्ट लागतायत. १.३५ केलं की एकूण १.२७ पट, त्यात वेगाची भर धरली तर १.३ पटीच्या वर उष्णता. मिळवलं काय, तर ४.५ चे ४.७, साडेचार टक्के. शिवाय पीबीओवर असताना प्रोसेसर तापमान बघून आपला वेग थोडा थोडा उतरवत जातो. फिक्स केल्यावर तो मे महिन्याच्या दुपारी दोन वाजताही ४.७ च धरून बसेल.

आणि अकोला म्हणजे तेच तर मोठं प्रकरण आहे. ओव्हरक्लॉकिंगचे बहुतेक व्हिडिओ २२-२४ अंशांच्या एसी खोलीत केलेले असतात. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतलं अंतर ठरवतो. आज रात्री तुमची खोली २७ वर आणि प्रोसेसर ७८ वर असेल, तर खोली ४१ वर गेली की तोच प्रोसेसर ९२ ला टेकतो. याची मर्यादा ९५ आहे. तुमचा डब्यातला पंखा साध्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवलेला आहे, आणि सगळी उष्णता येते जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून. एवढ्या लहान जागेतून ती ओढून घ्यायला तांब्याच्या नळ्या लागतात. चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर घ्या, डीपकूलचा एके४०० किंवा त्याच्या तोडीचा कुठलाही. तुमच्या मशीनवर कुठे पैसे घालायचेच असतील तर ते इथे.

वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ येऊ देऊ नका. खोली थंड होते ते चांगलंच आहे, पण त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडचं पाणी क्षारांचं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या काही मशीनच्या पुढच्या जाळीवर नख लावलं की पांढरी पापडी निघते. तीच हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीला धरून बसते, आणि मग ब्लोअरनेही निघत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. कॅबिनेट कूलरच्या रेषेतून बाजूला घ्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

आता हिरवे चौकोन. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. रीस्टार्ट निदान दिसतो तरी. चुकीचा हिशोब होऊन मशीन चालूच राहिलं तर फाइल बिघडते आणि तुम्हाला कळतही नाही. लग्न पुन्हा लागत नाही, भाऊ. हे सगळं जागेवर येईपर्यंत या मशीनवरून कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करू नका, दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी काढा. आणि आत्ता, आजच्या आज, कर्व्ह ऑप्टिमायझर आणि पीबीओ दोन्ही बंद करून मशीन कंपनीच्या सेटिंगवर आणा. तारखा सांभाळा, प्रयोग रात्री करा.

मेमरी वेगळी तपासा. एक्सएमपी ३६०० हेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच आहे. प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून मेमटेस्ट८६ चे चार पास होऊ द्या. तिथे एक जरी एरर आला तरी कर्व्ह ऑप्टिमायझरला हात लावण्यात अर्थ नाही.

वॉरंटीचंही सांगून ठेवतो: पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर हे एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

जुना_सेलेरॉन

रेंडरवाले यांच्याशी सहमत. आम्ही १९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ची बस (ज्या मूळ वेगाच्या पटीत प्रोसेसर पळतो ती) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा. दीडपट वेग, तोही त्याच पैशांत. तेव्हा कंपन्या एवढी जागा शिल्लक ठेवत. आता बूस्टच्या नावाखाली ती जागा कारखान्यातच वापरलेली असते. आपल्या वाट्याला येतं ते थोडं व्होल्टेज कमी करून मशीन थंड ठेवणं. तेही कमी नाही, पण अपेक्षा तेवढीच ठेवा.

पूर्वा_टाइमलाइन

दादा, तुमची मूळ तक्रार टाइमलाइन अडखळते ही होती, तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही. कॅमेरा कोणता? सोनी ए७ फोर किंवा त्या पिढीतला असेल आणि १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करत असाल, तर ते फुटेज उलगडणं ३०६० ला जमत नाही. ३० मालिकेच्या कार्डांतल्या डिकोडरला ४:२:२ येत नाही, त्यामुळे तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तुमच्या ५६००एक्समध्ये अंगचा ग्राफिक्सही नाही की तो मदतीला येईल. पाच टक्के वेग वाढवून हे सुटणार नाही. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला बनवा: इन्जेस्टच्या (फुटेज आत घेण्याच्या) वेळी प्रीमियरला सांगा, प्रोरेस प्रॉक्सी, निम्मं किंवा पाव रिझोल्यूशन. रात्रभरात तयार होतात, सकाळी तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅमही बिनतक्रार पळतं. आणि एक्स्पोर्ट हार्डवेअर एन्कोडिंगवर असेल तर तिथलं एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डच करतं, प्रोसेसरच्या वेगाने फार फरक पडणार नाही.

शटर_अकोला

ताई, ए७ फोरच आहे, आणि ४:२:२. प्रॉक्सी बनवून बघितल्या. जे हवं होतं ते यातच मिळालं, खूप आभार.

रेंडरवाले दादा, चांदणी तिसऱ्यावरच होती. मेमटेस्ट साफ. नवीन टॉवर बसवला, खोली ३३ वर असताना सिनेबेंचमध्ये आता ७१. कोअरसायकलर चालवून शेवटी हे आकडे राहिले: कोर २ ला शून्य, दुसऱ्या चांदणीला उणे ३, कोर ४ ला उणे ८, बाकी तिघांना उणे १२. त्यानंतर १८ ची एकही नोंद नाही. आता पीपीटी (प्रोसेसर किती वॅट घेऊ शकतो ती मर्यादा) वगैरे मर्यादा वाढवू की राहू देऊ?

रेंडरवाला_नागपूर

कोर २ ला शून्य म्हणजे शून्यच ठेवा, पुन्हा मोह नको. पीपीटी आत्ता मुळातला ७६ वॅट आहे. जून संपेपर्यंत तो तसाच राहू द्या आणि पीबीओमध्ये थर्मल लिमिट ८५ टाका, म्हणजे दुपारी खोली तापली तर प्रोसेसर स्वतःच आवरतं घेईल. पावसाळा लागला की पीपीटी ९० करून बघा, टीडीसी ६० आणि ईडीसी ९० या करंटच्या मर्यादांना हात न लावता. प्रत्येक बायोस अपडेटनंतर हे सगळे आकडे पुसले जातात, म्हणून आत्ताच त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर आकडे पुन्हा भरले की कोअरसायकलरची एक रात्र द्यायची, मगच कॅमेऱ्याचं कार्ड लावायचं.