ऑपरेटरचा सुपरवायझर झालो, आता शिफ्टमधलं कोणी मला काही सांगतच नाही

शॉपफ्लोअर_चाकण

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत एका मशीन शॉपमधे आहे. आयटीआय मशिनिस्ट, नऊ वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काढली, आधी ऑपरेटर मग मशीन लावून देणारा सेटर, आणि दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर केलं. १४ माणसं, ११ मशिनी. कामाची भीती नाही पण माणसं कशी सांभाळायची हे कोणी शिकवलंच नाही, कालपर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी खात होतो त्यांनाच आज प्रॉडक्शन का कमी आलं म्हणून विचारायचं म्हणजे शब्द घशातच अडकतात.

झालं काय ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात नाइटला एक ट्रेनी पोरगा ३२ एच-सेव्हनचा बोर, म्हणजे ३२ मिलिमीटरचं अचूक मापाचं भोक, मारत होता. त्यात चालतं ३२ च्या वर फक्त २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली शून्य. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, घासत जाते तसा बोर लहान यायला लागतो म्हणून अधूनमधून विअर ऑफसेट, म्हणजे मशीनमधे तेवढी मापाची भरपाई, द्यावा लागतो, तो त्यानं बरोबर दिला होता. मग इन्सर्ट बदलली आणि ऑफसेट मागं घ्यायचं राहिलं. नवी इन्सर्ट, जुना ऑफसेट, बोर मोठा, गेजची नो-गो साइड, जी आत जायलाच नको, ती सरळ आत. लहान असता तर परत मारता आला असता, मोठा झाला की स्क्रॅप. ४६ पीस गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, त्यानं गुपचूप ऑफसेट नीट केला आणि ते ४६ चांगल्या मालाच्या क्रेटमधे तळाला टाकले. सकाळी फायनल इन्स्पेक्शनला सापडले.

मी शिफ्ट बदलायच्या वेळी, दोन्ही शिफ्टची माणसं उभी असताना, त्याला नको नको ते बोललो. तो हातातलं कॉटन वेस्ट पिळत खाली बघत उभा होता, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हापासून शिफ्टमधे सगळे गप्प. राउंड मारला की 'ओके आहे साहेब' एवढंच, आणि रिजेक्शन फायनलला बाहेर पडतंय. काही अडलं की मीच मशीनवर जाऊन सेट करून देतो कारण तेवढंच मला नीट जमतं. एक जुने काका आहेत, ते तर माझ्याकडं बघतही नाहीत. कडक राहू का पूर्वीसारखा मित्र राहू, खरंच कळत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना_फोरमन

भाऊ, ३१ वर्षं भोसरीत काढली, त्यातली १८ फोरमन म्हणून. कडक का मित्र हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. पोरानं ४६ पीस तळाला का टाकले? वरती ठेवून सांगितलं तर काय होईल हे त्याला माहीत होतं म्हणून, आणि तुम्ही बोललात तेव्हा बाकीच्या १३ जणांनाही ते माहीत झालं. आता सगळे पीस लपवणार, यात त्यांचा स्वभाव वाईट आहे असं काही नाही.

सगळ्यांसमोर बोललात ना, मग चुकलं हेही सगळ्यांसमोरच म्हणा, केबिनमधे बोलावून नाही. आणि नुसतं सॉरी नको, तुमच्या बाजूनं काय राहिलं होतं तेही सांगा. ट्रेनीला एकट्याला नाइटला २५ मायक्रॉनच्या बोरवर कोणी उभं केलं? इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस दुसऱ्याकडून मापून घ्यायचा हे तिथं लिहिलेलं होतं का? शिफ्ट सुरू व्हायला आणि इन्सर्ट बदलल्यावर फर्स्ट पीस अप्रूव्हल झाल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबायचं नाही, हे तुम्ही लावायला पाहिजे होतं. पोरगा विसरला हे खरं, पण रात्री तीन वाजता माणूस विसरणारच हे धरूनच सुपरवायझरनं काम लावायचं असतं.

रोखठोक

माझं मत वेगळं आहे. सगळ्यांसमोर चूक कबूल केली तर उद्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. विसरला ते एक वेळ समजू शकतो पण खराब माल चांगल्यात मिसळणं म्हणजे फसवणूक आहे, तो पीस कुणाच्या गाडीत बसला असता तर? पोराला मेमो द्यायलाच पाहिजे होता.

मायक्रॉन

@रोखठोक, माल मिसळणं गंभीर आहे यात वादच नाही. मी क्वालिटीत आहे म्हणून हे फार जवळून बघतो. पण मेमोनं मिसळायचं थांबत नाही, पुढच्या वेळी जास्त हुशारीनं मिसळतात.

टोयोटात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकलेलं दिसलं की दोरी ओढायचा हक्क असतो. ओढली की लाइन लगेच थांबत नाही, आधी दिवा लागतो, टीम लीडर तिथं पोचतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत प्रॉब्लेम सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तरच थांबते. म्हणजे लीडरचं काम काय, तर हाक आली की जायचं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा प्लांट होता, क्वालिटी आणि गैरहजेरी दोन्हीत बदनाम, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटा आणि जीएमनं मिळून तोच प्लांट नुम्मी नावानं सुरू केला, कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच, आणि थोड्याच काळात गाड्या जपानच्या तोडीच्या निघायला लागल्या. माणसं तीच होती हो! चूक सांगितल्यावर त्यांच्याशी वागायची पद्धत बदलली.

तुमच्याकडं दोरी नसेल, हरकत नाही. एक लाल क्रेट ठेवा, त्यात पीस टाकून जो स्वतः सांगेल त्याला आधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणायचं, का झालं ते नंतर विचारायचं. हाच क्रम ठेवा, राग आला तरी.

नाइटड्यूटी

मी हॉस्पिटलमधे इनचार्ज सिस्टर आहे, पूर्वी त्याच वॉर्डात स्टाफ होते म्हणून दादा तुमचं वाचून अगदी माझंच वाटलं. माझ्याकडं भांडण ड्यूटी चार्टवरून व्हायचं. जिवलग मैत्रीण पहिल्याच दिवाळीला म्हणाली लक्ष्मीपूजनाला मला नाइट टाकू नकोस, तू आहेस ना आता. तिला नाही म्हणताना रडायला आलं होतं. मग मी चार्ट लावला तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या नाइटला पहिलं नाव स्वतःचं टाकलं, आणि गेल्या वर्षी कोणी कुठल्या सणाला ड्यूटी केली ते शेजारी लिहिलं. मैत्रीण दोन महिने बोलली नाही, मग आली. मैत्री डब्यापुरती ठेवा, खुशाल ठेवा, पण ओव्हरटाइम आणि सुट्टी देताना सगळ्यांना दिसेल असं कागदावर द्या. आपलं माणूस म्हणून एकदा जरी दिलंत ना, तर बाकीच्यांना ते वर्षभर आठवतं.

खेडचा

आमचे मामा मुंबईत डबेवाले. त्यांच्यात प्रत्येक गटाला मुकादम असतो, आणि तो खुर्चीवर बसत नाही, स्वतः डबे पोचवतो. कोणी आजारी पडला तर त्याची लाइन मुकादम उचलतो, गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तोच जातो, पण टोपी घातली नाही तर दंडही लावतो आणि लोक भरतात. मामा म्हणायचे, अडलेल्याची पेटी उचलायची, चालणाऱ्याच्या डोक्यावरची ओढायची नाही. तुम्ही मशीनवर जाऊन सेट करून देता ते दुसऱ्यात मोडतं असं मला वाटतं. ऑपरेटर शिकणार कधी?

शॉपफ्लोअर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला बोललो. ४६ पीसमधे इन्सर्ट बदलल्यावर चेक लावला नव्हता ही माझी चूक, आणि सगळ्यांसमोर त्याला तसं बोललो तीही माझीच, पण माल मिसळायचा नाही, ते मी ऐकून घेणार नाही, असं सगळंच सांगितलं. कोणी काही बोललं नाही. इन्सर्ट चेंजचं रजिस्टर प्रत्येक मशीनला लावलं, लाल क्रेट ठेवलं, आठ दिवस रिकामंच.

परवा नाइटला पावणेचारला तोच पोरगा दोन पीस हातात घेऊन टेबलापाशी आला. 'साहेब दोन गेले. मशीन बंद केलंय.' मी म्हणलं बरं केलंस, किती आला? म्हणाला ३२.०३४. मशीनपाशी गेलो, हात मागं बांधून उभा राहिलो, बटण दाबायला हात शिवशिवत होते तरी त्यालाच ऑफसेट घालू दिला. पुढचा पीस ३२.०१२.

फक्त काका अजून रजिस्टर लिहीत नाहीत. त्यांचं काय करू?

जुना_फोरमन

रजिस्टर घेऊन जाऊ नका. चहाच्या वेळेला एकटे त्यांच्या मशीनपाशी जा आणि विचारा, काका, इन्सर्ट संपत आली हे तुम्ही गेज लावायच्या आधी आवाजावरून ओळखता, ते या पोराला शिकवाल का. मग उत्तर येईपर्यंत थांबा, वेळ लागेल.