मदत हवी आहे : एलएसजीडीची (स्थानिक स्वराज्य पदविकेची) पात्रता निकालापासून की प्रमाणपत्रापासून?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेतील लिपिकाच्या पदोन्नतीबद्दल विचारायचं आहे. टंकलेखन (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट) आणि एमएस-सीआयटीची नोंद सेवापुस्तकात आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एलएसजीडीचं गुणपत्रक हातात आहे, मूळ प्रमाणपत्र यायचंय. पदोन्नती समितीची बैठक त्याआधी झाली तर पात्रता निकालाच्या तारखेपासून धरतात का?

गुणपत्रकाची साक्षांकित प्रत जोडून नोंद आत्ताच करून घ्यावी, असं माझं मत. ज्येष्ठता यादीवरच्या हरकतींची मुदत संपली की कागद असूनही माणूस मागं राहतो, हे फार वाईट. इचलकरंजीची २०२२ मध्ये महापालिका झाली, तिथं जुन्या कर्मचाऱ्यांना महापालिकेच्या सेवेत घेताना (समावेशनात) हे कसं धरलं? आस्थापना विभागातल्यांनी कृपया नियम किंवा शासन निर्णयाचा क्रमांकच द्या. तोंडी उत्तरावर फाईल हलत नाही.