बोर्नोमध्ये इतकी वर्षे मदत जात आहे, तरी उपासमार का संपत नाही?

कुतूहल (धागाकर्ता)

नायजेरियाच्या ईशान्य टोकाला असलेल्या बोर्नो राज्याविषयी सध्या वाचतो आहे आणि एका मुद्द्यापाशी विचार अडतो, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे. २००९ पासून तेथे बोको हराम आणि २०१६ मध्ये त्यातूनच वेगळा झालेला ‘इस्लामिक स्टेट’चा पश्चिम आफ्रिकी गट यांच्याशी नायजेरियन सैन्याची लढाई चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जवळजवळ सर्व संस्था, रेड क्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांचे काम राजधानी मैदुगुरीतून चालते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्लोच्या परिषदेत नायजेरिया आणि चाड सरोवराच्या परिसरासाठी देणगीदार देशांनी ६७ कोटी २० लाख डॉलरची आश्वासने दिली होती. असे असूनही जुलै २०२५ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला जाहीर करावे लागले की निधी संपत आल्यामुळे ईशान्य नायजेरियातील १३ लाख लोकांची मदत थांबवावी लागेल.

माझी अडचण अशी की, हा प्रदेश काही ओसाड वाळवंट नाही. चाड सरोवराकडे उतरत जाणारी गाळाची जमीन, मासेमारी, गुरेढोरे हे सर्व तेथे पूर्वापार आहे. मग इतक्या वर्षांनंतरही माणसे आयत्या धान्यावरच अवलंबून का राहिली? हा प्रश्न केवळ पैशाचा आहे, भ्रष्टाचाराचा आहे की आणखी कशाचा? २०१७ च्या जूनमध्ये खुद्द नायजेरियन सरकारनेच मान्य केले होते की धाडलेल्या अन्नापैकी निम्म्यापर्यंत माल वाटेतच फुटत होता, त्यामुळे संशय तिकडेच जातो.

उत्तरायण

भ्रष्टाचार आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाटेतला प्रत्येक दाणा जरी जागच्या जागी पोहोचला असता तरी बोर्नोची भूक मिटली नसती, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्याच प्रश्नात आहे: जमीन आहे, पण ती खंदकाच्या पलीकडे आहे.

२०१५ मध्ये सैन्याने बामा, दिक्वा, मोंगुनो, न्गाला अशी तालुक्याची गावे एकेक करून परत घेतली, पण आजूबाजूचा ग्रामीण मुलूख ताब्यात ठेवण्याइतके मनुष्यबळ त्यांच्याकडे नव्हते. त्यातून छावणीवजा गावांची पद्धत रूढ झाली. गावाभोवती खंदक खणायचा, आत सैन्याची तुकडी, सरकारी कचेरी, निर्वासितांच्या ताडपत्रीच्या झोपड्या आणि मदत संस्थांची गोदामे; बाहेर जे कोणी असतील ते एक तर आत यावेत, नाही तर शत्रूचे समजले जावेत. ऑगस्ट २०१९ पासून सैन्याने लहान चौक्या सोडून मोठ्या तळांवर एकवटण्याचे धोरण घेतले, तेव्हा ही विभागणी अधिकच पक्की झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या सुमाराच्या आराखड्यांत असे म्हटले होते की सुमारे दहा लाख लोक मदत पोहोचूच शकत नाही अशा भागात आहेत. म्हणजे आपण ज्याला ‘बोर्नोला जाणारी मदत’ म्हणतो, ती या गोल कुंपणांच्या आत जाते, तीही बहुतेक वेळा सैन्याच्या बंदोबस्तात. कर्मचारी तर हेलिकॉप्टरनेच ये-जा करतात. पावसाळ्यात कॅमेरून सरहद्दीवरच्या ‘रान’ नावाच्या गावाचा रस्ता पाण्याखाली जातो आणि ते गाव महिनेच्या महिने तुटलेले असते.

आता शेतीकडे येऊ. दिक्वा, न्गाला, मार्ते या पट्ट्यात ‘फिर्की’ म्हणून ओळखली जाणारी काळी चिकण माती आहे, आणि तिच्यात ‘मासाक्वा’ नावाची ज्वारी घेतली जाते. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे लावायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पीक काढायचे. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही; आपली रब्बी ज्वारी अशीच येते, फक्त तेथे पेरणीऐवजी लावणी असते. या पिकाला पाटपाणी लागत नाही. लागते ते एवढेच की शेतकऱ्याला भर हंगामात घरापासून लांबच्या रानात रोज निर्धास्तपणे जाता आले पाहिजे. नेमके तेच बंद झाले आहे. खंदकापासून काही किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची परवानगी नसते. ज्वारी, बाजरी, मका ही उंच वाढणारी पिके लपायला आडोसा देतात, म्हणून रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या कडेला ती लावू दिली जात नाहीत. युरियापासून स्फोटके बनवता येतात, म्हणून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. यातील प्रत्येक निर्णयामागे सैन्याचे कारण आहे आणि ते खोटे नाही, पण सगळे एकत्र केले की शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही.

एवढ्यावरही जे बाहेर जातात, त्यांचे काय होते ते २८ नोव्हेंबर २०२० रोजी मैदुगुरीजवळच्या झाबरमारी परिसरात दिसले. भातकापणी करणाऱ्या मजुरांची शेतातच हत्या झाली. दुसऱ्या दिवशी ४३ जणांचे दफन झाले आणि मृतांचा खरा आकडा त्याहून मोठा होता. बायकांना सरपणासाठी खंदकाबाहेर जावेच लागते, कारण वाटपात मिळालेले धान्य कच्चे खाता येत नाही. मार्च २०२४ मध्ये गंबोरू-न्गाला येथून सरपणाला गेलेल्या बायकामुलांचे मोठ्या संख्येने अपहरण झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ते दोनशेहून अधिक होते. दुसरीकडे सरोवराच्या काठी ‘इस्लामिक स्टेट’चा गट शेतकऱ्यांकडून आणि कोळ्यांकडून कर घेऊन त्यांना काम करू देतो, आणि तो कर भरला म्हणून हीच माणसे सैन्याच्या नजरेत संशयित ठरतात.

पोषणविचार

उत्तरायण यांनी जमिनीची बाजू नीट मांडली आहे. मी बालपोषणाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे याच गोष्टीकडे मुलाच्या दंडाच्या बाजूने पाहते.

जून २०१६ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे पथक बामा येथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या आवारात सुमारे २४ हजार माणसे आसऱ्याला होती. तपासलेल्या आठशेहून अधिक मुलांपैकी १९ टक्के अतितीव्र कुपोषित निघाली. जवळच गेल्या वर्षभरात खणलेल्या १,२३३ कबरी मोजल्या गेल्या, त्यांतील ४८० मुलांच्या होत्या. हे गाव मैदुगुरीपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि वर्षापूर्वीच सैन्याने ते परत घेतले होते. म्हणजे येथे माणसे शत्रूच्या नव्हे, सरकारच्या ताब्यात असताना उपाशी मरत होती, आणि ‘पोहोचता न येणारा भाग’ या शब्दांत ही गोष्ट बसत नाही.

यानंतर मदत खरोखरच वाढली आणि तिने जीव वाचवले, हेही सांगितले पाहिजे. पद्धत साधी आहे. आपल्या अंगणवाड्यांत वापरतात तीच रंगीत पट्टी मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की मूल अतितीव्र कुपोषित. अंगावर सूज नाही, ताप-जुलाब नाहीत आणि भूक लागते आहे अशा मुलाला घरीच शेंगदाण्याच्या तयार लगद्याची पाकिटे द्यायची. एक पाकीट ९२ ग्रॅमचे, त्यात ५०० किलोकॅलरी. शेंगदाणे, दूधभुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे. त्यात पाणी घालावे लागत नाही, आणि गढूळ पाण्याच्या छावणीत याचे मोल फार आहे. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक मुले सावरतात. गुंतागुंत असेल तर मात्र मुलाला दवाखान्यात ठेवावे लागते, आणि तेथे सुरुवातीला मुद्दामच कमी ताकदीचे दूध, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजतात. उपाशी मुलाला एकदम पोटभर खाऊ घातले तर रक्तातील क्षारांचा तोल ढळून ते दगावू शकते.

यासाठी आईला मुलाजवळ कित्येक दिवस थांबावे लागते. बोर्नोत अशा कितीतरी आया एकट्या आहेत. बोको हरामच्या भागातून निसटून आलेल्या कुटुंबांतील पुरुषांना सैन्याने चौकशीच्या नावाखाली वेगळे काढून मैदुगुरीच्या गिवा बराकींसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे डांबले. बामाच्या बायकांनी त्यांच्या सुटकेसाठी ‘क्निफार’ नावाची चळवळच उभारली. घरी आणखी मुले असताना ही बाई दवाखान्यात कशी राहणार? आणि महिन्याच्या शिध्यात कपात झाली की तेच एक पाकीट चार भावंडांत वाटले जाते, त्यात आईचा दोष तो काय?

म्हणून जुलै २०२५ च्या घोषणेतील मला सर्वांत वाईट वाटलेला भाग तेरा लाखांचा नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या आधाराने चालणारी सुमारे १५० पोषण केंद्रे बंद होऊन दोन वर्षांखालील तीन लाखांहून अधिक मुलांचे उपचार थांबणार होते. अमेरिकेने त्या वर्षी मदतीत मोठी कपात केली, त्याचाही यात वाटा होता. धान्याची थैली उशिरा आली तर कुटुंब उसनवारी करते, रानपाला उकडते. साडेअकराच्या खाली गेलेल्या मुलाला मात्र उसनवारीचा पर्याय नसतो.

कुतूहल (धागाकर्ता)

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. एक उपप्रश्न. बोर्नोचे राज्यपाल बाबागाना झुलुम यांची भूमिका अशी की छावण्यांमुळे माणसे परावलंबी होतात आणि त्यांनी आपापल्या गावी परतून शेती करावी. झुलुम स्वतः कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. उत्तरायण यांचे विवेचन मान्य केले तर ही भूमिका बरोबरच ठरत नाही का?

न्यायाधार

रोगनिदान बरोबर, पण औषध चुकीचे, असे मी म्हणेन. ऑक्टोबर २०२१ मध्ये झुलुम यांनी जाहीर केले की ३१ डिसेंबरपर्यंत मैदुगुरीतील सर्व छावण्या बंद होतील. त्याच डिसेंबरमध्ये राज्य सरकारने पुनर्वसित गावांत मदत संस्थांनी अन्नवाटप करू नये असा आदेशही काढला. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालानुसार या धोरणात १ लाख ४० हजारांहून अधिक लोकांना छावण्या सोडाव्या लागल्या. ते बहुधा आपल्या मूळ शेतावर परतलेच नाहीत, कारण तेथे सुरक्षितता नव्हती. त्यांतील काही तालुक्याच्या गावातील खंदकाच्या आत गेले, काही मैदुगुरीतच भाड्याच्या खोपटात राहिले. छावणी मोडली तरी विस्थापन तसेच राहिले, फक्त यादीतून नावे गेली आणि शिधाही गेला.

आफ्रिकी संघाचा विस्थापितांविषयीचा कंपाला करार २००९ चा आहे आणि नायजेरियाने तो मान्य केलेला आहे. परतणे स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने झाले पाहिजे, असे त्यात आहे. शिधा थांबवून घडवलेल्या परतीला ‘स्वेच्छा’ म्हणणे मला तरी जमत नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. १० सप्टेंबर २०२४ रोजी मैदुगुरीजवळचे अलाऊ धरण फुटले, न्गड्डा नदीचे पाणी शहरात शिरले आणि चार लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यांना ठेवायला जागा हवी म्हणून २०२१ मध्ये बंद केलेली बाकासी छावणी सरकारने पुन्हा उघडली. ज्यांनी पूर्वी येथे वर्षे काढली होती, असेही काही जण त्यात होते.

उत्तरायण

न्यायाधार यांच्याशी सहमत आहे, पण झुलुम यांची बाजू थोडी सावरून घ्यावीशी वाटते. शहरात कायमच्या छावण्या ठेवणे कोणत्याच राज्याला परवडत नाही. मात्र परतीचे धोरण ठरवणारे राज्य सरकार वेगळे आणि रानात कोठवर जाता येईल हे ठरवणारे सैन्य वेगळे, ते केंद्राच्या अखत्यारीत. दोघांचे हुकूम एकमेकांना छेदतात. राज्य सांगते, शेतावर जा. सैन्य सांगते, खंदक ओलांडू नका.

मदत संस्थाही याच कात्रीत सापडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सैन्याने ‘अॅक्शन अगेन्स्ट हंगर’ आणि ‘मर्सी कोअर’ या दोन संस्थांची कामे शत्रूला मदत केल्याच्या आरोपावरून बंद पाडली. ऑक्टोबरअखेर ती बंदी उठली. त्याच वर्षी जुलैमध्ये दमासाकच्या रस्त्यावर ‘अॅक्शन अगेन्स्ट हंगर’च्या ताफ्यातील सहा जणांचे अपहरण झाले होते, आणि डिसेंबरमध्ये त्यांतील चौघांची हत्या झाल्याचे कळले. त्याआधी मार्च २०१८ मध्ये ‘रान’ गावावरील हल्ल्यात पळवून नेलेल्या रेड क्रॉसच्या दोन सुईणी, सैफुरा खोर्सा आणि हौवा लिमन, अनुक्रमे त्या वर्षीच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मारल्या गेल्या. दोघीही नायजेरियनच. बाहेरच्या जगाला मदत कर्मचारी म्हटले की परदेशी डॉक्टर आठवतो, पण बोर्नोत खंदकाच्या कडेपर्यंत जाणारी माणसे बहुतेक त्याच मुलखातली, कानुरी किंवा हौसा बोलणारी असतात.

त्यामुळे आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की पैसा कमी पडतो हे खरे, पण पुरेसा आला तरी तो खंदकाच्या आतच खर्च होईल. मासाक्वाची लावणी सप्टेंबरमध्ये होते. कोणत्या गावाला त्या दिवसांत किती लांबवर जाऊ द्यायचे आणि त्या वाटेवर गस्त कोणी घालायची, याचा निर्णय राज्य सरकार, सैन्य आणि मदत संस्था यांनी पावसाळ्यापूर्वीच एकत्र बसून घ्यायला हवा. देणगीदारांच्या परिषदांत हा विषय क्वचितच निघतो, कारण तो पैशाने सुटणारा नाही.