ग्रोथ फॅक्टर म्हणजे नुसती वाढ नव्हे
ग्रोथ फॅक्टर (पेशींना कधी वाढायचं, कधी थांबायचं याचे सिग्नल देणारी प्रथिनं) जितके जास्त तितकी त्वचा चांगली असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर केराटिनोसाइट्सना, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना, विभागायला लावतो हे खरं, पण टीजीएफ-बीटा हा दुसरा ग्रोथ फॅक्टर त्याच पेशींना थांबवतो आणि खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींकडून मात्र कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) करून घेतो.

आणि ईजीएफचा सिग्नल तुटला की काय होतं ते आमच्या मावशीच्या चेहऱ्यावर बघितलंय. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी एर्लोटिनिब सुरू झालं, ती गोळी ईजीएफचा रिसेप्टरच (पेशीवरची त्याचा सिग्नल घेणारी जागा) अडवते, मग नाकाच्या बाजूला, कपाळावर पिंपल्ससारखं लाल पुरळ, नखांच्या कडा सुजलेल्या, कातडी इतकी कोरडी की बोटांना भेगा. पेशी विभागणं सोडून वेळेआधीच पक्व व्हायला लागतात ना. अशा पेशंटला घरातली पिंपल्सची क्रीम प्लीज लावू नका, त्वचा आणखी सुकते, आधी डॉक्टरांना विचारा.